पंधरा मिनिटांनंतरचा आकडा

बाई गाडीत बसल्या... खरंच बसल्या! ताईने आरशात तीन-तीनदा पाहिलं. मागच्या सीटवर, डाव्या दाराशी अंग चोरून, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात ठेवून तिची आई बसली होती. उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती आणि डावा डोळा खिडकीबाहेर असा रोखलेला होता, की लेक नावाची कुणी व्यक्ती ह्या गाडीत, किंबहुना ह्या जगातच नसावी. तरीही बसली होती ना! तीन वर्षांत पहिल्यांदा! आनंद, भीती आणि लाज ह्यांची ताईच्या काळजात अशी काही झुंबड उडाली की गाडीची किल्ली दोनदा हातातून निसटली.

त्यांना घरीदारी सगळे 'बाई'च म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पोटची दोन्ही मुलं त्यांच्याच वर्गात बसली, आणि तेव्हा जिभेवर चढलेलं 'बाई' पुढे घरातही उतरलं नाही. अशा ह्या बाई गेली तीन वर्षं एकाच छपराखाली राहून ताईशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. सांगायचंच झालं तर आधी सुनेमार्फत, आणि नात बोलू लागल्यापासून नातीमार्फत. "आत्याला सांग, टाकी भरली, मोटर बंद कर." आत्या हातभर अंतरावर उभी! ती तीन वर्षांची चिमुरडी निम्मा निरोप विसरे आणि उरलेल्या निम्म्यात स्वतःची भर घाले, पण बाईंचा हट्ट सुटत नव्हता. आजही तसंच झालं. धाकट्या भावाची ड्यूटी बदलली, सुनेला रजा मिळेना, ठरवलेली टॅक्सी आली नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर पाच मंगळवार चुकवायचे नाहीत म्हणून बजावलेलं. शेवटी नात धावत आली, "आत्या, आजीला डोळ्यात सोड!"

आता गाडी सुरू करायची. पण ती नुसत्या किल्लीने कुठे सुरू होत होती! स्टिअरिंगच्या बाजूला, गुंडाळीच्या वायरला एक मुठीएवढं काळं यंत्र लटकत होतं, आणि त्याच्या नळीत फुंकर मारल्याशिवाय इंजिन हूं की चूं करत नसे. श्वासात दारू सापडली की लाल दिवा, गाडी जागच्या जागी. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेल्यांच्या गाडीत हे बसवतात. आईच्या देखत त्यात फुंकायचं... धरणी दुभंगेल तर बरं, असं ताईला झालं. तिने मान वळवली, नळी ओठांत धरली, लांब फुंकर मारली आणि शेवटी घशातून 'हूंऽऽ' असा सूर काढला. हिरवा दिवा लागला, इंजिन सुरू झालं.

गाडी कोपऱ्यावर वळली आणि मागून आवाज आला.

"शेवटी गुणगुणायचं कशाला?"

ताईचा पाय ब्रेकवर गेला. गाडीत नात नव्हती. दुसरं कुणीच नव्हतं! प्रश्न खिडकीच्या काचेला विचारलेला होता हे खरं, पण काच थोडीच उत्तर देणार होती?

"माणूसच फुंकतोय... फुग्यातली हवा सोडलेली नाही, हे कळावं म्हणून," तीही समोरच्या काचेलाच म्हणाली.

"हं." थोड्या वेळाने, "आणि ते माणूस तूच आहेस, हे त्याला कसं कळतं?"

"नाही कळत."

"मग सदोष आहे," बाईंनी निकाल दिला, आणि दवाखाना येईपर्यंत पुन्हा मुक्या झाल्या. पण ताईच्या कानांत ते 'तूच' किती तरी वेळ घुमत राहिलं. आईच्या तोंडून 'तू' ऐकायला जीव असा आसुसलेला असतो, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर ताईने आयुष्यात दारूचा एक घोटही गिळलेला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, धाकट्याला मुलगी झाली. मित्रांनी त्या आनंदाच्या भरात त्याला पाजली, आणि दवाखान्यात बाळाजवळ बसलेल्या बाईंकडे परत जायचं म्हणून त्याने ताईची गाडी काढली. ताई त्या गाडीवर बायकांना ड्रायव्हिंग शिकवत असे. ती घाईघाईत शेजारी बसली, तिला वास आला, "थांबव... अरे, थांबव!" असं ती ओरडेपर्यंत गाडी शाळेच्या फाटकावर आदळली आणि स्टुलावर बसलेल्या शिपाईमामांचा पाय गुडघ्यात मोडला. बाईंचीच शाळा, बाईंचेच शिपाईमामा! धाकटा शहराच्या बसवर ड्रायव्हर. नोकरी जाणार, परवाना जाणार, तुरुंग... आणि पदरात तासाभराची लेक! ताईने विचार केलाच नाही. विचार करायला माणसाला वेळ लागतो, मायेला लागत नाही. "पळ! बाळाकडे जा! गाडी मी चालवत होते!" लोक धावत येत होते, गाडीत भपकारा मारत होता, आणि दारू प्यालेलं माणूस तर सापडायलाच हवं होतं... म्हणून तिने त्याच्या बाटलीत उरलेली तोंडात घेतली, खळखळून चूळ भरली. गिळवली मात्र नाही, थुंकून टाकली. पोलिसांनी यंत्र तोंडाशी धरलं, आकडा सरसरून वर गेला, तिने मान खाली घालून सगळं कबूल केलं. धाकट्याला तिने शपथ घातली, "तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

एक वर्ष परवाना गेला. दोनशे बायकांना गाडी शिकवणाऱ्या ताईकडे शिकायला कुत्रं फिरकेना. मग परवाना परत मिळाला तो दोन वर्षं ह्या नळीसकट. आता ती चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यातून दुकानोदुकानी काचा पोहोचवायची. धाकट्याने त्या दिवसापासून थेंबाला स्पर्श केला नव्हता, पण बहिणीच्या नजरेला नजर द्यायचंही सोडलं होतं. आणि बाई? त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मामांना मी काय तोंड दाखवू?" त्यानंतर सगळं दुसऱ्यांमार्फत.

दोन वर्षांतला शेवटचा महिना उरला होता. तेवढा निष्कलंक गेला की यंत्र निघणार होतं.

दुसऱ्या मंगळवारी बाई वही घेऊन आल्या. पर्समधून पेन्सिल निघाली. "सर्दी झालेली असली तर?" "तोंड आलेलं असलं तर?" "फुंकून गाडी सुरू केली आणि मग वाटेत प्यायली तर?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यंत्रानेच दिलं. मध्येच ते टुंई-टुंई वाजलं आणि ताईला गाडी कडेला घेऊन पुन्हा फुंकावं लागलं. बाईंची एकच उघडी भुवई कपाळात गेली. "हुशार आहे की!" त्या म्हणाल्या. शाळेत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की त्या अशाच खुलत. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी पिकून काळं पडलेलं केळं खाऊन यंत्राचं मत विचारायची इच्छा दाखवली; ताईने हात जोडून ती परतवली. परतीच्या वाटेवर दोघी चक्क हसल्या. काचेकडे पाहून का होईना, पण हसल्या! त्या रात्री ताई उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता तिला भीती वाटली, की मंगळवार संपले की हे सगळंही संपणार...

चौथ्या मंगळवारी ती औषधाच्या दुकानात डोळ्यांचे थेंब आणायला गेली. परत येऊन पाहते तर बाई मागच्या सीटवरून पुढे आल्या होत्या. हातात नळी. यंत्रावर लाल दिवा. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र दिवाच दिवा!

"एकशे ऐंशी!" त्या ओरडल्या. "अगं, नुसत्या चुळीने एकशे ऐंशी!" मांडीवर दातांच्या डॉक्टरने दिलेल्या माउथवॉशची बाटली होती.

"बाई! काय केलंस हे!" ताई मटकन सीटवर बसली. "नोंद होते त्याची! सरळ ऑफिसात जाते!"

"नोंद झालीच पाहिजे. नोंदीशिवाय प्रयोग कसला?" बाईंना अजून काही कळलेलं नव्हतं. घड्याळ बघून त्यांनी वहीत वेळ टिपली. "आता?"

आता पंधरा मिनिटं थांबायचं होतं. त्या थांबल्या. पुन्हा फुंकलं. शून्य.

"गेली कुठे?" बाईंनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "एकशे ऐंशी होती... पंधरा मिनिटांत कुठे गेली?"

आणि काळजीने सैरभैर झालेली ताई बोलून गेली, "पोटात गेलेली असती तर रक्तातून छातीत आली असती आणि तासन्‌तास श्वासात राहिली असती. तोंडातल्या तोंडात असली की अशीच जाते. चूळ भरून थुंकली ना, की पाऊण तासाने कुणाला पत्ताही..."

तिने जीभ चावली. बाईंचा एकुलता एक उघडा डोळा यंत्रावरच्या शून्यावर स्थिरावला होता.  त्यांनी वही मिटली, पर्समध्ये ठेवली, आणि घरापर्यंत काही बोलल्या नाहीत. संपलं, ताईला वाटलं. हिला माझा तो दिवस आठवला आणि पुन्हा किळस आली... तिने स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवली.

शुक्रवारी परवाना कार्यालयाचं बोलावणं आलं. ताई तयार होऊन निघाली तर दारात नात उभी. "आत्या, आजी पण येणारे. आजीने सांगितलंय की नाही म्हणायचं नाही."

परवाना कार्यालयातल्या अधिकारी मध्यमवयाच्या, चष्मा कपाळावर ठेवलेल्या, शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागद फिरवून पुढे ठेवला. "मंगळवार, अकरा वाजून सात मिनिटं. एकशे ऐंशी. तुम्ही फुंकलंत?"

ताईच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं... ऐन म्हातारपणी आई काउंटरपाशी उभी, आणि चारचौघांत तिला खडसावलं जातंय, की कायद्याच्या यंत्राशी खेळलात! छे!

"मीच फुंकलं," ती म्हणाली. "माउथवॉश घेतला होता. चूक माझी."

"माउथवॉश सगळेच सांगतात," अधिकारी थकल्या आवाजात म्हणाल्या. "मग यंत्र आणखी सहा महिने राहील. इथे सही करा."

ताईने पेन उचललं.

"खोटं बोलतेय ती," मागून आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज. "फुंकलं मी. ही दुकानात होती, ही तिची पावती, अकरा वाजून नऊ मिनिटं. आणि ही माझी वही. अकरा-सातला एकशे ऐंशी, अकरा-बावीसला शून्य. तुमच्या कागदावरही खाली तोच शून्य आहे, बघा. पोटातली दारू पंधरा मिनिटांत शून्यावर येते का? येत नाही. विश्वास नसेल तर बाटली आणलीय. इथे चूळ भरून दाखवते, फक्त बेसिन कुठे आहे सांगा."

रांगेतला एक गृहस्थ खुदकन हसला. अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "आजी, यंत्राशी असं पुन्हा करायचं नाही," त्या म्हणाल्या, पण त्यांचं पेन नोंदीवर शेरा मारू लागलं होतं. "ठीक आहे. हा आकडा धरत नाही."

"आणखी एक आहे," बाई म्हणाल्या. पर्सच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी एक घडी पडलेला, पिवळा कागद काढला. तो पाहताच ताईने ओळखला, अपघाताच्या दिवशीचा पोलिसांचा कागद. "तीन वर्षं कपाटात कुलपात ठेवला होता. परवा उघडला. अपघाताच्या जागी, चार वाजून वीस मिनिटं. दोनशे दहा. मोठ्या अक्षरात. खाली पेन्सिलीने, पोलीस ठाण्यात, पाच वाजून पाच मिनिटं. किती लिहिलंय?"

"शून्य," अधिकारी सावकाश म्हणाल्या. "हे तेव्हा कुणी विचारलं नाही?"

"हिने कबूल केल्यावर कोण विचारतो?" बाई वळल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. "तू प्यालेली नव्हतीस."

"बाई, चल ना... घरी चल..."

"प्यालेली नव्हतीस! चूळ भरली होतीस! सांग!"

 ताईने आईचा दंड धरला आणि तिला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं.  बाईंनी तिला पुढचं काहीच विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. कुणासाठी ही वेडी पोर असं करेल, हे आईला सांगावं लागतं का? त्या दिवशी दवाखान्यात घामाघूम होऊन, धापा टाकत पोहोचलेला धाकटा त्यांना आता आठवला. बापाचा आनंद समजून त्यांनी तेव्हा त्याचे डोळे पुसले होते.

"पस्तीस वर्षं," बाई पुटपुटल्या, "पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं, की एका आकड्यावर निष्कर्ष काढू नका. पुन्हा मोजा. आणि पोटच्या पोरीला मात्र..." त्यांचा आवाज फुटला. "पोटच्या पोरीला मी एकदाच मोजलं गं! दुसरा आकडा माझ्याच कपाटात होता... तीन वर्षं होता!"

"बाई, असं नको बोलूस... तुझा काय दोष..."

"गप्प! पुन्हा अंगावर घेऊ नकोस! एकदा तरी मला माझं बोलू दे!" आणि त्या ताठ, कडक, कुणापुढे न वाकलेल्या बाईंनी लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडला. येणारेजाणारे थबकले. ताईने पदराने त्यांचा उघडा डोळा पुसला, "ऑपरेशन झालंय, रडू नको, डॉक्टर ओरडतील," असं म्हणत म्हणत ती स्वतःच रडत राहिली.

दुपारी धाकटा ड्यूटीवरून आला तेव्हा टेबलावर तो पिवळा कागद उघडा होता. युनिफॉर्मची बटणं काढता काढता त्याने दोन आकडे वाचले, आणि त्याचे हात तिथेच थांबले. बाई त्याला रागावल्या नाहीत. तेच त्याला सोसवलं नाही.

"रोज सकाळी बस काढताना वाटायचं, आज सांगेन," तो कसाबसा म्हणाला. "आणि रोज संध्याकाळी पोर अंगावर उडी मारायची, की... ताई, तू मला वाचवलंस असं तुला वाटलं ना? मी तीन वर्षं झोपलेलो नाही गं!"

त्याने छातीवरचा बिल्ला काढून खिशात ठेवला. "आधी मामांकडे जातो. मग पोलीस ठाण्यात. मग डेपोत."

"वेडा झालास का!" ताई दारात आडवी झाली. "नोकरी जाईल! कशासाठी केलं मग मी सगळं? पोरीचं काय होईल?"

"ताई," तो म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, "माझं मला उचलू दे."

ती हटेना. तेव्हा मागून बाई आल्या, त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हळूच बाजूला घेतलं. सून इतका वेळ भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून सगळं ऐकत होती. ती पुढे आली. तिने ताईला घट्ट मिठी मारली, मुलीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मी येते बरोबर." फाटक वाजलं. पावलं लांब गेली.

घर एकाएकी रिकामं झालं. ताई दारातल्या पायरीवर बसली. जिच्यासाठी तिने अब्रू, काम, माणसं सगळं उधळून टाकलं होतं, ती गोष्ट आता तिच्या हातात नव्हती. तिला रितं वाटत होतं, आणि त्या रितेपणात कुठेतरी, लाज वाटावी इतकं, हलकंही वाटत होतं.

"त्याचं कसं होईल गं बाई?"

बाई पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. "जे व्हायचं ते त्याचं तो बघेल, आपण त्याच्यामागे उभ्या राहू. तुझं कसं झालं, ते मला सांग. मी विचारलंच नाही कधी."

"माझं काय सांगायचं..."

"सगळं. पहिल्या दिवसापासून. काही गाळायचं नाही." बाईंनी पदर खोचला. "ती दारू तोंडात घेतलीस तेव्हा कशी लागली?"

ताईला हुंदका आणि हसू एकदमच आलं. "जळजळीत. जिभेची सालं निघतील असं वाटलं."

"मग? थुंकलीस कुठे?"

"फाटकाजवळ... शाळेच्या मोठ्या बाईंच्या गुलाबाच्या कुंडीत."

"मोठ्या बाईंच्या!" बाईंनी तोंडावर हात मारला. "अगं, त्या कुंडीला आम्ही कुणी बोट लावत नव्हतो! मेला की काय तो गुलाब?"

"नाही गं. पुढच्याच महिन्यात फुलला. मी लांबून बघून आले होते."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत ओढून घेतला. "एकटीच गेली होतीस? का गं? मग पुढे काय झालं?"

ताई सांगू लागली. ती जरा थांबली, की बाई विचारत होत्या, आणि मग?